तांदळात लोह आलं, ज्वारी कुठे गेली?

मैत्रिणींनो, उमरी हा काही भाताचा तालुका नव्हे. तरी मी काम करते त्या वस्त्यांत मजूर बाईच्या ताटात दोन्ही वेळा भात, वर वरणाचं पिवळं पाणी. विचारलं तर म्हणते, "ताई, कंट्रोलला जे भेटतं तेच खावं लागतंय."

ज्वारी काही आपोआप गेली नाही. सोयाबीन आणि कपाशीने तिची जागा घेतली. ज्वारीच्या रानात मूग, उडीद, अंबाडी असायची. काढणीची मजुरी धान्यात मिळे, ती बाईच्या पदरात पडे. सोयाबीनचं पोतं थेट आडतीवर जातं, पैसे पुरुषाच्या खिशात. काय पेरायचं हे ठरवताना तिला कोणी विचारलं?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के बायांना रक्तक्षय होता, २०१९-२१ मध्ये ५४ टक्के. यावर उपाय म्हणून रेशनच्या तांदळात लोह मिसळलं गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ते डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवायचं ठरवलं. अशा किलोभर तांदळात लोह किती? २८ ते ४२.५ मिलिग्रॅम. किलोभर ज्वारीत ते मुळातच ४० च्या आसपास असतं! ज्वारीतलं सगळं लोह अंगी लागत नाही, मान्य. म्हणून तर सोबत डाळ, पालेभाजी, लिंबू हवं. आणि सर्वांत शेवटी जेवणारीच्या वाट्याला नेमकं तेच उरत नाही.

मात्र भाकरीचे गोडवे गाणाऱ्या पुढाऱ्यांनीही ऐकावं. दळण, थापणं, चुलीचा धूर हे सगळं बाईच्याच माथी. एक सून मला म्हणाली, भात टाकला की तेवढाच जीव मोकळा होतो. तिचं काय चुकलं? पुरुषांनाही भाकर थापता येते. हॉटेलात थापतातच की, पगार घेऊन.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख केलं. त्याच कायद्यात भरड धान्यही आहे. नाव तिचं, निवड मात्र गोदामाची! सरकारने हमीभावाने ज्वारी इथेच खरेदी करून इथल्याच दुकानांत द्यावी आणि तांदूळ घ्यायचा की ज्वारी, हे कार्डावरच्या बाईने ठरवावं. येत्या ग्रामसभेत असा ठराव मांडा. रेशनच्या दक्षता समितीत बायकांना प्रतिनिधित्व द्यावंच लागतं. आपल्या गावच्या समितीत कोणाची नावं आहेत, ते तहसीलमध्ये जाऊन विचारा.