शरदाला नारंगी रंग कुणी फासला?

ऑक्टोबर लागला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा पाऊस सुरू होतो. भाचेमंडळी कुणी कासला, कुणी मावळात, कुणी वाईकडे जाऊन आलेली असतात. फोटो उघडावा तर सगळा डोंगर तांबूस नारंगी! खाली लिहिलेलं, ‘ऑटम व्हाइब्स’. चौकशी केली तेव्हा कळलं की असा फिल्टरच मिळतो. बोट फिरवलं की हिरव्याचं तांबडं.

माझं भांडण नेमकं इथेच आहे. शरद म्हणजे पानगळ नव्हे हो! आश्विन-कार्तिकात पाऊस नुकताच सरलेला असतो, हवेतली धूळ धुऊन गेलेली असते, म्हणून तर आकाश इतकं निळं दिसतं. आपली पानगळ पुढे, शिशिराच्या आसपास. साग तेव्हा उघडा पडतो. ऑक्टोबरातल्या सह्याद्रीला केशरी करणं म्हणजे कॅनडातल्या मेपलची पानं आपल्या झाडांना डिंकाने चिकटवणं.

कासचंच घ्या. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास आहे. तिथली सीतेची आसवे करंगळीच्या नखाएवढी, निळसर जांभळी. सोनकी पिवळीधमक, गेंद पांढरे. त्यावर नारंगी मुलामा दिला की पिवळं भगवं होतं, पांढरं मळकं होतं आणि निळं मरतं. मग राहिलं काय?

बरं, फुलांचं सोडा, भाताचं बघा. लोंबीचे दाणे शेंड्याकडून पिकत खाली येतात. तळाचे दाणे हिरवट असताना पानातही थोडी हिरवी झाक असते. शेतकरी त्या रंगावरून कापणीचा अंदाज घेतो. फिल्टरमधून काढलं की कोवळं शेत, पिकलेलं शेत आणि करपा पडलेलं शेत, तिन्ही सारखीच सोनेरी! सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातलं सोयाबीन शेतात काळं पडलं. त्या काळ्यालाही हा फिल्टर उबदार तपकिरी करून दाखवेल. ह्याला मी सजावट म्हणत नाही, खोटी साक्ष म्हणतो.

एक भाचा म्हणाला, “मामा, तुमचा कॅमेराही रंग ठरवतोच की! आणि डार्करूममध्ये काय कमी उद्योग चालायचे?” मुद्दा बिनतोड वाटतो खरा. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्ससारखा दिग्गजही प्रिंटचा एखादा भाग गडद, एखादा उजळ करत असे. पण त्याने उजेड-सावली सावरली, उन्हाळ्याचा हिवाळा नाही केला. मीही क्षितिज वाकडं आलं तर सरळ करतो, कडेची विजेची तार कापतो, फार काळोख असेल तर किंचित उजळतो. व्हाइट बॅलन्स मात्र ‘डेलाइट’वर ठेवतो. ‘ऑटो’वर ठेवला की कॅमेरा सकाळचा पिवळसरपणा स्वतःच्या अकलेने पुसून टाकतो.

खरं तर एवढी रंगरंगोटी लागते ती दुपारी बाराला पोचल्यामुळे. तेव्हा ऊन डोक्यावर असतं, सावल्या आखूड, डोंगर सपाट दिसतो. सकाळी सात-साडेसातला ऊन तिरपं येतं, गवताच्या कुसळावरचं दंव चमकतं, उतारावरची प्रत्येक घडी दिसते. पण त्यासाठी पहाटे उठावं लागतं, आणि फिल्टरला काय, तो अंथरुणात पडूनही लावता येतो!

असो. यंदा फोटो पाठवाल तेव्हा मूळ फोटोही सोबत पाठवा. मी तोच बघेन.