कंपनीच्या नावात ‘कॉम्प्युटर’ नको!

मुलांनो, एक गंमत सांगू? १९५७ साली अमेरिकेत दोन तरुण इंजिनिअर कॉम्प्युटर बनवणारी कंपनी काढायला निघाले. खिशात पैसे नव्हते. ज्यांच्याकडे पैसे मागायला गेले, तिथल्या माणसांनी त्यांना आधीच कानमंत्र दिला, “आमच्या संचालकांपुढे ‘कॉम्प्युटर’ हा शब्द काढू नका!”

का बरं? कारण त्या वेळी मोठमोठ्या कंपन्या कॉम्प्युटरच्या धंद्यात हात पोळून घेत होत्या. आता ही दोन पोरं असा कोणता तीर मारणार, असंच संचालक म्हणाले असते. मग त्या दोघांनी कंपनीचं नाव ठेवलं ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’, म्हणजे अंकांवर चालणारी उपकरणं बनवणारी कंपनी. सगळे तिला लाडानं ‘डेक’ म्हणू लागले. त्या दोघांची नावं केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन. आणि त्यांना मिळाले किती? ७० हजार डॉलर!

आज आपण पाहणार आहोत की असे पैसे देणारे लोक कोण असतात, ते कुणाला निवडतात आणि पैसे दिल्यावर काय करतात. त्यांना म्हणतात ‘व्हेंचर कॅपिटलिस्ट’. मराठीत ‘साहस भांडवलदार’ म्हणता येईल.

बँकेत का नाही गेले?

चांगला प्रश्न! बँक कर्ज देते तेव्हा विचारते, “तारण काय ठेवणार? घर? शेत? दागिने?” दर महिन्याला हप्ता आणि त्यावर व्याज. यात बँकेची चूक नाही हं! बँकेतला पैसा आपल्याच आजी-आजोबांच्या ठेवींचा असतो. तो जपून वापरायलाच हवा.

पण ज्याच्याकडे फक्त डोकं आहे, त्यानं तारण काय ठेवायचं? डोकं तर तिजोरीत ठेवता येत नाही!

साहस भांडवलदार वेगळा सौदा करतो. तो म्हणतो, “मला हप्ता नको, व्याज नको. तुझ्या कंपनीत हिस्सा दे. कंपनी बुडाली तर माझे पैसे बुडाले, तुझ्या घरावर जप्ती आणणार नाही. पण कंपनी मोठी झाली, तर माझा हिस्साही मोठा.”

अशा पद्धतीनं पैसे गुंतवणारी पहिल्यावहिल्या संस्थांपैकी एक १९४६ साली बोस्टन शहरात सुरू झाली. तिचं नाव अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट. तिचे सूत्रधार होते जॉर्ज डोरिओ. जन्म पॅरिसचा, हार्वर्डमध्ये प्राध्यापक, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात ब्रिगेडिअर जनरल! डेकला ७० हजार डॉलर याच संस्थेनं दिले आणि बदल्यात कंपनीचा सुमारे ७० टक्के हिस्सा घेतला. बाप रे, सत्तर टक्के! आज पहिल्याच फेरीत एवढा हिस्सा सहसा कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही.

त्यांनी नेमकं काय पाहिलं?

ओल्सन आणि अँडरसन हवेत गप्पा मारणारे नव्हते. एमआयटी या नामवंत संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत त्यांनी खरोखर कॉम्प्युटर बांधण्याचं काम केलं होतं.

आणि तिथे त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. प्रयोगशाळेत बनलेला ‘टीएक्स-झिरो’ नावाचा एक कॉम्प्युटर विद्यार्थ्यांना वापरायला मिळायचा. त्याच्याहून वेगवान, आयबीएम कंपनीचा मोठा कॉम्प्युटरही होता. तरी मुलं रांग लावायची ती टीएक्स-झिरोपुढेच! का? कारण मोठ्या यंत्राला हात लावता येत नसे. पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून द्यायचा आणि उत्तराची वाट पाहत बसायचं. टीएक्स-झिरोपुढे मात्र स्वतः बसता यायचं, चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्त करता यायची.

ही रांग म्हणजेच पुरावा होता. लोकांना फक्त वेगवान यंत्र नको आहे, हाताशी असलेलं यंत्र हवं आहे, हे त्या रांगेनं सांगितलं.

म्हणून गुंतवणूक करणारे तीन प्रश्न विचारतात. एक, माणसं कशी आहेत? दोन, ही वस्तू खरंच कुणाला हवी आहे का? तीन, उद्या ती हजारोंना, लाखोंना हवी होईल का? डोरिओंचा भर पहिल्या प्रश्नावर असे. अव्वल कल्पना घेऊन आलेल्या मध्यम माणसापेक्षा मध्यम कल्पना घेऊन आलेला अव्वल माणूस बरा, असं त्यांचं मत होतं. कारण कल्पना वाटेत बदलावी लागते. ती बदलणारा माणूसच कच्चा असेल तर मग कठीण!

वही-पेन्सिल घ्या, हिशेब करू

समजा तुमच्याकडे १ कोटी रुपये आहेत. (समजायला काय जातंय!) तुम्ही १० नव्या कंपन्यांना १०-१० लाख दिले. सहा कंपन्या बुडाल्या. तिघांनी कसेबसे तुमचे १०-१० लाख परत केले. झाले ३० लाख. म्हणजे ७० लाखांचा खड्डा! पण दहावी कंपनी अशी वाढली, की तुमच्या १० लाखांचे झाले तीसपट, म्हणजे ३ कोटी. एकूण किती? ३ कोटी ३० लाख.

हे सगळं व्हायला दहा वर्षं लागली असं धरू. तेच १ कोटी बँकेत ७ टक्के व्याजानं ठेवले असते, तर दहा वर्षांत साधारण दुप्पट झाले असते.

आता मजा बघा. दहांपैकी नऊ वेळा तुमचा अंदाज चुकला किंवा जेमतेम ठरला. शाळेत दहापैकी एकच उत्तर बरोबर आलं तर आई काय म्हणेल ते सांगायला नको! पण इथे त्या एका उत्तरानं सगळा पेपर तारला.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, अशा गुंतवणूकदाराला ‘बऱ्यापैकी’ चालणारी कंपनी पुरत नाही. त्याला अशी कंपनी हवी असते, जी वाढली तर प्रचंड वाढेल. कोपऱ्यावरची बेकरी कितीही छान चालत असली, तरी तो तिच्याकडे वळत नाही. म्हणून बेकरी वाईट का? मुळीच नाही! तिच्यासाठी बँकेचं कर्जच योग्य.

दुसरी गोष्ट, पैसे बुडाले तर जास्तीत जास्त १० लाखच बुडतात. पण चांगली संधी हुकली, तर किती हुकलं याला मर्यादाच नाही.

हुकलेले मोठ्ठे मासे

बेसिमर व्हेंचर पार्टनर्स ही अमेरिकेतली जुनी गुंतवणूक संस्था. तिनं एक गमतीदार गोष्ट केली आहे. आपण नाकारलेल्या आणि पुढे जगप्रसिद्ध झालेल्या कंपन्यांची यादीच तिनं जाहीर करून ठेवली आहे! त्यात ॲपल आहे, गूगल आहे. गूगलचे दोन विद्यार्थी संस्थापक ज्या घराच्या गॅरेजमध्ये काम करत, ते घर होतं बेसिमरच्या एका भागीदाराच्या मैत्रिणीचं. “भेट तरी त्यांना,” ती म्हणाली. तर हे महाशय विचारतात, त्या गॅरेजजवळून न जाता तुझ्या घरातून बाहेर कसं पडायचं?

आपली फजिती अशी हसत हसत सांगायलाही मोठं मन लागतं, नाही का?

गूगलला १९९८ साली सुरुवातीचा १ लाख डॉलरचा चेक दिला तो अँडी बेक्टोल्सहाइम यांनी. चेक ‘गूगल इन्कॉर्पोरेटेड’च्या नावानं होता आणि त्या नावाची कंपनी अजून नोंदलेलीच नव्हती! मग धावपळ करून कंपनी नोंदवली गेली आणि चेक वटला. हे बेक्टोल्सहाइम कोण? १९८२ साली सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी काढणाऱ्यांपैकी एक. त्यांचे तेव्हाचे एक साथीदार होते विनोद खोसला, जन्म १९५५ चा, आपल्या पुण्याचा. खोसलाही पुढे साहस भांडवलदार झाले. पाहिलंत? ज्यांना कधी काळी कुणीतरी पैसे आणि विश्वास दिला, तेच पुढच्या पिढीला द्यायला उभे राहिले.

पैसे दिले, पुढे काय?

चेक देऊन घरी झोपायचं, असं नसतं. डोरिओ आपल्या कंपन्यांविषयी पोटच्या मुलांसारखं बोलत. मूल एक दिवस तापानं फणफणलं म्हणून कुणी त्याला टाकून देतं का?

गुंतवणूकदार संचालक मंडळावर बसतो, हिशेब तपासतो, चांगली माणसं शोधून देतो, पहिलं गिऱ्हाईक गाठून देतो. पैसेही सगळे एकदम देत नाही. “आधी यंत्र चालवून दाखव, मग पुढचा हप्ता. दहा गिऱ्हाइकं आण, मग त्यापुढचा.” असे टप्पे ठरतात.

डेकनंही एकदम कॉम्प्युटर बनवला नाही. मेनार्ड गावातल्या एका जुन्या लोकरीच्या गिरणीत थोडी जागा भाड्यानं घेतली आणि आधी प्रयोगशाळांना लागणारे छोटे इलेक्ट्रॉनिक भाग बनवून विकले. पहिल्याच वर्षी नफा! ओल्सन सांगत, की डोरिओ तेव्हा खूश होण्याऐवजी काळजीत पडले. इतक्या लवकर यश मिळालेलं कुणी टिकलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं!

मग आला ‘पीडीपी-वन’. नावात पुन्हा कॉम्प्युटर नाही बरं का! ‘प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर’. १९६२ साली एमआयटीच्या मुलांनी याच यंत्रावर ‘स्पेसवॉर’ हा अवकाशयुद्धाचा खेळ बनवला. तुमच्या आजच्या व्हिडिओ गेमचा पणजोबाच म्हणा! १९६५ साली आलेला ‘पीडीपी-एट’ तर सुमारे १८ हजार डॉलरला मिळे. त्या काळी ही किंमत फारच कमी होती.

१९६६ साली डेक शेअर बाजारात आली. १९७२ मध्ये डोरिओंची संस्था टेक्स्ट्रॉन या कंपनीत विलीन झाली, तोवर डेकमधल्या हिश्श्याची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली होती. ७० हजारांची किती पट झाली, ते तुम्हीच मोजा. डोरिओंच्या संस्थेनं एकूण दीडशेहून अधिक कंपन्यांत पैसे घातले होते, पण डेकसारखी दुसरी झाली नाही.

नाण्याची दुसरी बाजू

विश्वास ठेवावा, पण डोळे उघडे ठेवून. थेरानोस नावाची अमेरिकन कंपनी २००३ साली निघाली. बोटाला टोचून निघालेल्या चार थेंब रक्तातून ढीगभर तपासण्या करतो, असा तिचा दावा होता. संस्थापक तरुण, बोलणं छाप पाडणारं. बड्या बड्या लोकांनी मिळून ७० कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. पण यंत्र दावा केल्याप्रमाणे चालतच नव्हतं! २०१५ साली वृत्तपत्रानं भांडं फोडलं, २०१८ साली कंपनी बंद पडली आणि २०२२ साली संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना अकरा वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली. पैसे तर गेलेच, पण काही रुग्णांच्या हाती चुकीचे अहवाल पडले, ते जास्त वाईट.

टीएक्स-झिरोपुढची रांग कुणालाही जाऊन बघता आली असती. थेरानोसचं यंत्र मात्र नीट उघडून कुणाला दाखवलंच जात नव्हतं. फरक इथेच आहे.

आणि डेक? तीही कायमची टिकली नाही. एके काळी अमेरिकेत आयबीएमनंतर तिचाच नंबर होता. पण घराघरांत छोटे कॉम्प्युटर शिरू लागले, तेव्हा ती मागे पडली. १९९८ साली कॉम्पॅक या कंपनीनं तिला विकत घेतलं. मोठ्या यंत्रांच्या नाकाखालून ज्यांनी लहान यंत्र काढलं, त्यांच्याच नाकाखालून दुसऱ्यांनी आणखी लहान यंत्र काढलं!

आई-बाबांसाठी चार ओळी

मुलानं एखादी कल्पना मांडली, की “यातून काय मिळणार?” हा प्रश्न आपल्या तोंडी पटकन येतो. त्याऐवजी “हे कुणाला हवं आहे, ते बघून आलास का?” असं विचारून पाहा. पहिल्या प्रश्नानं मूल गप्प होतं, दुसऱ्यानं घराबाहेर पडून चौकशी करायला लागतं. मात्र घरची साठवणूक अशा साहसात घालायची नसते. इथे फक्त बुडाले तरी चालतील असेच पैसे घालायचे.

या आठवड्याचा उद्योग

चार मित्र गुंतवणूकदार व्हा. प्रत्येकाकडे खोटे १०० रुपये. बाकीच्यांनी एकेक कल्पना दोन मिनिटांत मांडायची: सायकलला छत्री, आपोआप पुसला जाणारा फळा, काहीही! गुंतवणूकदारांनी तीनच प्रश्न विचारायचे आणि पैसे वाटायचे. पण पैसे का दिले आणि का दिले नाहीत, ते वहीत लिहून ठेवायचं. वर्षभरानं ती वही उघडा. आपण कुणाला ओळखलं आणि कोण आपल्या हातून निसटलं, ते तुम्हालाच कळेल.

आणि ज्याला कुणीच पैसे दिले नाहीत, त्यानं तोंड पाडायचं नाही. ॲपलला आणि गूगललाही कुणीतरी ‘नको’ म्हटलंच होतं!