झाकली मूठ

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा एकमताने दिला, तेव्हा सुशिक्षित समाजाने त्याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. सरकारने वा एखाद्या कंपनीने आपल्या घरात डोकावू नये, हा आग्रह रास्त आहे. परंतु त्याच घराची दारेखिडक्या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या चव्हाट्यावर आपण स्वहस्ते सताड उघडून बसलो, तर त्या हक्काचे मोल ते काय उरले?

मुलाचा वाढदिवस, त्याच्या शाळेचा गणवेश, नव्या घराची वास्तुशांत, सहकुटुंब प्रवासाच्या तारखा, यांतील एकेक गोष्ट निरुपद्रवी वाटते. एकत्र मांडल्या म्हणजे मात्र त्यांतून घराची कुंडलीच तयार होते. कुलूप कोणत्या आठवड्यात आहे, हे चोराला पाळत न ठेवता कळते. ओळख पटविण्यासाठी बँक जी जन्मतारीख व आईचे नाव विचारते, ती भामट्याच्या हाती आयती पडतात.

कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. त्याने २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा जरूर वाचावा. एखाद्याने स्वतःची माहिती स्वतःच जाहीर केली असेल, तर त्या माहितीस हा कायदा लागू नाही, असे त्याचे तिसरे कलम सांगते. आपण होऊन जे उघड्यावर टाकले, त्याची राखण करावयास कायदा बांधलेला नाही.

याहून गंभीर प्रश्न मुलांचा आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्या, असे हाच कायदा कंपन्यांस बजावतो. परंतु पालकच जेव्हा मुलाचे रडणे, त्याचे आजारपण, त्याचे गुणपत्रक जगापुढे मांडतात, तेव्हा संमती कोणाची घ्यावयाची? ते मूल मोठे होऊन नोकरीस वा विवाहास उभे राहील, तेव्हा त्याचे बालपण परक्यांच्या संग्रही असेल. मूळ चित्र पुसले, तरी ज्यांनी त्याची प्रत उतरविली त्यांच्याकडून ते परत मिळत नाही.

आनंद वाटल्याने वाढतो, हे आम्हांस मान्य आहे. मात्र तो आप्तेष्टांत वाटावयाचा असतो. प्रवासाची छायाचित्रे परतल्यावर दाखवावीत. नातवंडांची चित्रे आजी-आजोबांस थेट धाडावीत. आणि मूल जाणते असेल, तर त्याचे चित्र जगापुढे ठेवण्यापूर्वी, ‘ठेवू का?’ एवढे त्याला विचारावे. ते नको म्हणाले, तर त्याचा शब्द मानावा.