खंड कोणता? पान कोणतं? – ग्रंथपालाच्या हाती मोबाईल का हवा

एप्रिल उजाडला की आपल्या ग्रुपवर बाबासाहेबांच्या फोटोखाली छापलेल्या वाक्यांचा पाऊस सुरू होतो. निळी पार्श्वभूमी, सोनेरी अक्षरं, खाली सही. फॉरवर्ड करणाऱ्याला एकच प्रश्न विचारून बघा : हे वाक्य कोणत्या खंडात, कोणत्या पानावर आहे? बहुतेकांकडे उत्तर नसतं. शिक्षणाला वाघिणीचं दूध म्हणणारं वाक्य आपण भिंतींवर रंगवलं, टी-शर्टवर छापलं. ते कोणत्या भाषणातलं, कोणत्या तारखेचं, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

असं विचारलं की काही मित्र रागावतात. म्हणतात, भावना समजून घे. भावना समजते, मित्रांनो. पण ज्या माणसाने आपला प्रत्येक युक्तिवाद पुराव्यावर उभा केला, त्याच्या नावावर बिनपुराव्याची वाक्यं फिरवणं हा त्याचा गौरव नाही. विरोधकाला तर हेच हवं असतं. एक खोटं वाक्य सापडलं की तो उरलेल्या शंभर खऱ्या वाक्यांवर शंका घेतो. शिवाय बाबासाहेबांच्या विचारांच्या नेमकी उलटी वाक्यं त्यांच्या तोंडी घालणारे लोकही कमी नाहीत. त्यांना आपण शिव्यांनी उत्तर देतो, पान क्रमांकाने देत नाही.

पान क्रमांक देणारं माणूस आपल्याच वस्तीत बसलेलं आहे. ते म्हणजे ग्रंथपाल. आणि चळवळीत सगळ्यात दुर्लक्षित कोणी असेल तर तेही हेच माणूस.

आमच्या वस्तीत विहाराला लागून दोन खोल्यांचं वाचनालय आहे. तिथल्या ग्रंथपाल ताई पन्नाशी ओलांडलेल्या. मानधन एवढंसं, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. बाबासाहेबांचे खंड कोणत्या कपाटात कोणत्या क्रमाने आहेत हे त्या डोळे मिटून सांगतात. मोबाईलचा वापर मात्र फोन घ्यायचा आणि ठेवायचा एवढाच होता. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या एका मुलीने त्यांना पीडीएफमध्ये शब्द कसा शोधायचा ते दाखवलं. ताईंनी वहीत पायऱ्या लिहून घेतल्या आणि रोज दुपारी एक तास सराव केला.

पुढे एकदा ग्रुपवर 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या घोषणेवर वाद झाला. ताईंनी खंड 17 चा भाग 3 शोधला. 1942 च्या जुलैमध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली, तिथलं इंग्रजी भाषण काढलं आणि त्या पानाचा फोटो खंड व पान क्रमांकासह ग्रुपवर टाकला. त्या भाषणात शिक्षणानंतर आधी चेतवण्याचा, आंदोलनाचा शब्द येतो आणि मग संघटनेचा. आपण घोषणेत क्रम बदलून घेतला आहे. दोन दिवस ग्रुप तापलेला होता. तिसऱ्या दिवशी तीन पोरं खंड बघायला वाचनालयात आली. त्यातल्या दोघांनी याआधी तिथली पायरी चढलेली नव्हती.

आता कोणी म्हणेल, या वयात ताईंना हे सगळं शिकवून काय उपयोग? त्यांनी अमेरिकेतलं एक उदाहरण बघावं. उत्तर कॅरोलिना राज्यातल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात 2006 साली हेलन ब्लोवर्स या अधिकारी बाईंनी '23 थिंग्ज' नावाचा कार्यक्रम आखला. कर्मचाऱ्यांनी 23 छोट्या गोष्टी स्वतः करून बघायच्या : ब्लॉग सुरू करायचा, फोटो चढवायचा, विकीवर लिहायचं, पॉडकास्ट ऐकायचा. व्याख्यान नाही, परीक्षा नाही. जो तो आपापल्या ब्लॉगवर काय जमलं, काय अडलं ते लिहीत गेला. पूर्ण करणाऱ्याला बक्षीस म्हणून एमपी3 प्लेअर. पुढे जगभरच्या ग्रंथालयांनी हा नमुना उचलला. त्यातली साधनं आज जुनी झाली. पद्धत जुनी झालेली नाही : माणूस हाताने करून शिकतो, आणि त्यासाठी त्याला वेळ आणि मान द्यावा लागतो.

आपल्या ग्रंथपालाला 23 गोष्टींचीही गरज नाही. माझ्या मते पाच पुरेत.

पहिली, युनिकोडमध्ये मराठी टाइप करणं. आपल्या कित्येक स्मरणिका आणि पत्रकं जुन्या फाँटमध्ये टाइप झाली. ती संगणकावर दिसतात, पण त्यांत शब्द शोधला तर सापडत नाही. सापडत नाही ते इंटरनेटच्या लेखी नसल्यासारखंच.

दुसरी, पुस्तकांची यादी संगणकावर आणणं. 'कोहा' ही ग्रंथालयाची प्रणाली फुकट मिळते, सरकारची 'ई-ग्रंथालय' आहे. तेही जड वाटलं तर साध्या तक्त्यात पुस्तक, लेखक, वर्ष आणि कपाट क्रमांक भरला तरी भागतं.

तिसरी, जुने कागद जपणं. कार्यकर्त्यांच्या घरी माळ्यावर पडलेले अंक, परिषदांची निमंत्रणं, मोर्च्यांची पत्रकं मोबाईलने नीट टिपायची, तारखेसह नाव द्यायचं आणि वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवायच्या. 1917 साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तकं ज्या बोटीने येत होती ती टॉर्पेडोने बुडाली. जमवलेला ग्रंथसंग्रह समुद्रात गेला. तेव्हा दुसरी प्रत ठेवणं शक्य नव्हतं. आज शक्य असूनही आपण ठेवत नाही.

चौथी, कॉपीराइटचं भान. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण 1956 चं, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली त्यांची पुस्तकं 1 जानेवारी 2017 पासून सगळ्यांची झाली. ती कोणीही छापावी, विकीस्रोतावर चढवावी. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लिखाणाची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात आणि अनुवादाचा हक्क वेगळा असतो. हा फरक माहीत नसल्याने कोणी हयात अनुवादकाचं पुस्तक बिनदिक्कत वाटतो, तर कोणी मोकळं झालेलं पुस्तकही भीतीने दडवून ठेवतो.

पाचवी, सोशल मीडियावर बोलणं. रोज एक उतारा, खाली खंड, पान, तारीख. चुकीचं वाक्य फिरत असेल तर न भांडता मूळ पान दाखवणं. आणि एक पथ्य : कोण काय वाचतं हे कधीही जाहीर करायचं नाही. वाचणाऱ्या मुलींचे फोटो विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. पोरगी काय वाचते याच्यावर घरचे आणि गल्लीतले डोळा ठेवतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

यावर दोन आक्षेप येतात. जुने कार्यकर्ते म्हणतात, मोबाईलने वाचन बुडवलं आणि तुम्ही ग्रंथपालालाही मोबाईलला चिकटवता. मान्य, मोबाईलने एकाग्रता खाल्ली. पण पोरं जिथे बसलीत तिथे ग्रंथपाल गेला नाही तर तिथे दुसरा कोणीतरी आधीच बसलेला आहे, आणि तो काय वाचायला देतो ते आपण रोज बघतो. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींना वाचणारा भीमराव चर्नी रोडच्या बागेत दिसला. त्यांनी त्याची विचारपूस केली आणि 1907 साली मॅट्रिक झाल्यावर त्याच्या हाती बुद्धचरित्र दिलं. वाचक बागेत असेल तर बागेत गाठायचा. आजची बाग मोबाईलमध्ये आहे.

तरुण मित्र उलटं म्हणतात : सगळं नेटवर आहे, मग वाचनालय कशाला? मित्रांनो, नेटवर ढीग आहे, ग्रंथालय नाही. ढिगातून नेमकं काढून देणारा लागतो. आणि नेटवर जे आहे ते आपल्या मालकीचं नाही. कंपनीने खातं बंद केलं की दहा वर्षांच्या पोस्ट गेल्या. म्हणून मूळ कागद, छापील खंड आणि आपली यादी आपल्याच कपाटात हवी. छापील खंडांची अवस्था तरी काय? सरकारने 1979 पासून खंड काढायला सुरुवात केली, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये या खंडांची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. खंड बाजारात मिळत नाही तेव्हा वस्तीच्या वाचनालयातली एक प्रत आणि ती शोधून देणारी ताई, एवढाच आपला आधार उरतो.

म्हणून हा भार एकट्या ताईंवर टाकून चालणार नाही. शासनमान्य ग्रंथालयांतले कर्मचारी वेतनश्रेणीसाठी वर्षानुवर्षं झगडताहेत. त्यांच्या मागणीत आपला आवाज किती वेळा मिसळला? जयंतीला डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्याच्या थोड्याशा भागात वाचनालयाला एक संगणक, वर्षभराचं इंटरनेट आणि ताईंना थोडं वाढीव मानधन देता येतं. मी डीजेच्या वर्गणीला नकार देतो आणि तेवढेच पैसे वाचनालयात भरतो. ग्रुपवर यावरून मला बोलणी बसली आहेत. बसू देत.

पैसे नसतील तर वेळ द्या. आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयात बसा. ताईंना टायपिंग दाखवा, आणि त्यांच्याकडून सूची कशी वाचायची ते शिका. तुमच्याकडे बोटांचा वेग आहे, त्यांच्याकडे कपाटांची ओळख आहे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय हे काम होणार नाही.

येत्या 14 एप्रिलपासून प्रत्येक ग्रुपवर एक नियम करू या : बाबासाहेबांचं वाक्य टाकायचं तर खाली खंड, पान, तारीख. सापडत नसेल तर टाकायचं नाही. आधी वाचनालयात जाऊन विचारायचं.

जय भीम!