२१४७४८३६४७ : एक ‘बिनकामाचा’ नंबर

लोकांचे फेव्हरिट नंबर कसे शॉर्ट अँड स्वीट असतात. कुणाचा ७, कुणाचा ९. माझा जरा लांबलचक आहे : २,१४,७४,८३,६४७. म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी आणि वर बरंच काही. सोपं करून सांगते. एकतीस वेळा दोन मांडा, सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यातून एक वजा करा. झाला तयार!

हा पठ्ठ्या प्राइम आहे, म्हणजे आपली शाळेतली मूळ संख्या. एक आणि तो स्वतः सोडून कुणानेच त्याला भाग जात नाही. १७७२ मध्ये हे सिद्ध केलं लिओनार्ड ऑयलरने, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. सरळसोट जायचं तर ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, म्हणजे सुमारे ४,८०० भागाकार. ऑयलरने दाखवलं, की ज्या संख्येने भाग जाईल तिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३च उरायला हवी. काम आलं फार तर ३७२ भागाकारांवर. याला म्हणतात स्मार्ट वर्क!

या नंबरापासून एक १९ आकडी ‘परिपूर्ण संख्या’ही बनते. परिपूर्ण म्हणजे ६ सारखी : तिला भाग जाणाऱ्या १, २, ३ ची बेरीज पुन्हा ६. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहून टाकलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कुणी शोधणारच नाही. या नुसत्या गमतीच्या गोष्टी, उपयोग शून्य. १८७६ मध्ये एदुआर लुकाने त्याहून मोठी मिळवून दिलीच.

आणि उपयोगाचं म्हणाल, तर १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी कॉम्प्युटरसाठी रँडम आकडे काढायची एक रेसिपी सुचवली. हातातल्या आकड्याला १६,८०७ ने गुणा, आपल्या नंबराने भागा, बाकी उरेल तो पुढचा आकडा. २१४ कोटींहून जास्त आकडे येतात, एकही रिपीट न होता! भाजक मूळ आहे म्हणूनच हे जमतं.

शिवाय ३२ बिटांच्या खात्यात एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी ठेवलं, की मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ने तो ओलांडला, यूट्यूबला मोजणी ६४ बिटांवर न्यावी लागली. १९७० च्या सुरुवातीपासून सेकंद मोजणारी जुनी ३२ बिटी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले असताना इथवर पोचतील. पुढच्याच सेकंदाला थेट डिसेंबर १९०१!

त्या दिवशी मंगळवार आहे. लॉगिन झालं नाही तर आयटीवाल्यांवर डाफरू नका. आणि बार्लोसाहेबांचं ते वाक्य मात्र जरूर आठवा.