मूळ गावाचा रकाना

‘आमचे रूट्स कन्हानचे’ हे वाक्य पुण्या-बंगळुरात नोकरीला गेलेल्या माणसाच्या तोंडी आता चांगलंच रुळलं आहे. इथलं, नागपूरजवळच्या कन्हानातलं, घर विकून झालेलं असतं, शेत कधी नव्हतंच, वर्षाकाठी एखाद्या लग्नापुरतं येणं होतं. तरी वाक्य शोभून दिसतं आणि त्यात वावगं काही नाही. पण जो कन्हान सोडून कुठेच गेला नाही, त्याला मात्र हाच शब्द प्रश्न होऊन भेटतो: ‘तुम्ही मूळचे कुठले जी?’ आडनाव जरा वेगळं वाटलं, घरात छत्तीसगढी किंवा तेलुगू बोलतात हे कानावर आलं, की पहिलं उत्तर पुरत नाही. ‘कन्हानचाच’ म्हटलं तर लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘हो, पण मूळ?’

इंग्रजीत माणसाला मुळं असल्याची कल्पना जुनी आहे, पण ती घरोघर पोचली 1976 साली आलेल्या अ‍ॅलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ या पुस्तकाने आणि पुढच्या वर्षीच्या दूरचित्रवाणी मालिकेने. गॅम्बियातून गुलाम म्हणून पळवून नेलेल्या पूर्वजाची ती कथा. तिच्यातल्या वंशावळीवर पुढे अभ्यासकांनी बऱ्याच शंका काढल्या, तो भाग वेगळा. ज्यांचं नाव, भाषा, नातं सगळं जबरदस्तीने पुसलं गेलं त्यांनी मुळं शोधावीत, हे कुणालाही पटेल. आपल्याकडे वंशावळीची टंचाई कधी नव्हती, असलाच तर अतिरेक होता. शिवाय जुन्या मराठीतलं मूळ जमिनीत रुतून बसणारंही नव्हतं. सासरी असलेल्या लेकीला आणायला माहेरून जो माणूस जाई, त्याला मूळ म्हणत. मूळ धाडलं, मूळ आलं, असं बोलत.

कन्हानसारख्या गावात तर मुळांची चौकशी मुळातच विनोदी आहे. नदीपलीकडचं कामठी 1821 साली छावणी म्हणून वसलं. तिथे मद्रास फौजेबरोबर तमिळ आणि तेलुगू कुटुंबं आली, 1857 नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले. नदीच्या अलीकडे, कन्हानला, रेल्वे आली, कारखाने आले आणि कोळशाच्या खदानींनी छत्तीसगढ, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र अशा चारी बाजूंची माणसं ओढून आणली. त्यातल्या छत्तीसगढी माणसाला ‘परप्रांतीय’ म्हणताना एक गोष्ट सोयीने विसरली जाते. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर, छिंदवाडा, रायपूर, बिलासपूर हा सगळा एकच प्रांत होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. 1948 साली रायपूरकडून कन्हानच्या खदानीवर आलेला मजूर आपल्याच प्रांतात, राजधानीच्या उंबरठ्यावर आला होता. पुढे सीमा सरकली.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. कन्हान नदीचं विचारलंच तर ते मध्य प्रदेशात, छिंदवाड्याच्या सातपुड्यात निघतं. वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं, ‘कन्हान क्षेत्र’ही तिकडेच. कन्हान गावाजवळच्या गोंडेगाव, इंदर या खदानी मात्र ‘नागपूर क्षेत्रा’त मोडतात. अर्जावर क्षेत्राचं नाव लिहिताना नवख्या माणसाचा गोंधळ उडाला, तर त्याला दोष देता येत नाही.

खऱ्याखुऱ्या मुळांचीच हौस असेल, तर ती इथे जमिनीखाली आहेत. या भागातला कोळसा गोंडवन काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. तो ज्या जंगलांचा झाला त्यांत ग्लॉसोप्टेरिस ही झाडं मुबलक होती. नागपूर-कामठी भागातून पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केलेल्या पानांच्या ठशांचं वर्णन 1861 साली प्रसिद्ध झालं आणि कामठीचं नाव तर इथल्या वालुकाश्माच्या थरांनाच मिळालं. याच झाडाच्या मुळांचे जीवाश्म शास्त्रज्ञांना वेगळे सापडत होते. त्यांना व्हर्टेब्रारिया असं वेगळं नावही दिलं गेलं, आणि ही त्याच झाडाची मुळं आहेत हे सिद्ध व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागली. हीच पानं आणि हीच मुळं दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकातही सापडतात, कारण खालची जमीनच फुटून चार दिशांना गेली. मुळं जागची हलली नाहीत, जागाच हलली. यातली स्थानिक कोणती आणि बाहेरची कोणती, हे अजून कुठल्या तहसीलदाराला ठरवावं लागलेलं नाही.

माणसांचं मात्र ठरवावं लागतं, आणि तेही तारखेनिशी. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 या दिवशीचं वास्तव्य दाखवावं लागतं. पुरावा लागतो तोही वडिलांच्या बाजूचा. आईचं घराणं चार पिढ्या कन्हानात नांदलेलं असलं तरी या हिशेबात ते धरत नाहीत. बोलण्यातल्या ‘रूट्स’ची शोभा इथे संपते. ज्याच्या आजोबाची शाळेत कधी नोंदच झाली नाही, त्याला मूळ सांगता येतं, पण सिद्ध करता येत नाही.

तारीख हुकली की काय होतं, ते 1990 साली सर्वोच्च न्यायालयात दिसलं. वडिलांना केंद्राच्या सार्वजनिक उद्योगात अनुसूचित जमातीच्या जागेवर नोकरी लागली, म्हणून एक मुलगा लहानपणी आंध्रातून मुंबईत आला, तिथेच शिकला आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या दाराशी अडला. अनुसूचित जाती-जमाती त्या त्या राज्यापुरत्याच असतात, सबब महाराष्ट्रात त्याला आरक्षण नाही, असा निकाल झाला. घटनेच्या 341 आणि 342 या कलमांचा शब्दार्थ पाहता निकाल चुकला असं म्हणता येत नाही, आणि स्थानिक दलित-आदिवासींच्या मोजक्या जागा राखण्याचा त्यामागचा हेतूही रास्त आहे. पण वेकोलिही केंद्राचाच उद्योग आहे. कॉलरीच्या क्वार्टरमध्ये जन्मलेल्या, इथल्या शाळेत शिकलेल्या पोराला त्याचं मूळ राज्य दाखवायचं, आणि ते राज्य त्याने कधी पाहिलेलंही नसावं, यावर काही उपाय हवा. तो संसदेने कायदा करून शोधावा, असं न्यायालयानेच त्या निकालात सुचवलं होतं. त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा खदानीत नव्याने लागलेले कामगार आता निवृत्तीला आले आहेत, आणि त्यांच्या नातवंडांची दाखल्यांची वेळ जवळ येत चालली आहे.