कॅरिबू नाण्यावर, जंगल करवतीखाली

कॅनडाच्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून एका शिंगाळ्या प्राण्याचे मस्तक कोरलेले आहे. हा प्राणी म्हणजे कॅरिबू, रेनडिअरचा उत्तर अमेरिकेतील वन्य भाऊबंद. ज्या देशाने त्याला चलनावर मानाचे स्थान दिले, त्याच देशाच्या जंगलांतून तो कळपाकळपाने नाहीसा होत आहे. याच देशातील मॉन्ट्रियल शहरात डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक जैवविविधता परिषद भरली आणि २०३० पर्यंत पृथ्वीवरील ३० टक्के जमीन व ३० टक्के सागर संरक्षित करण्याचे उद्दिष्ट स्वीकारण्यात आले. यजमान कॅनडाने या उद्दिष्टाचा हिरिरीने पुरस्कार केला होता. प्रत्यक्षात २०२३ अखेर त्याची स्वतःची संरक्षित जमीन होती सुमारे १३.७ टक्के.

भारताच्या तिप्पट क्षेत्रफळ आणि महाराष्ट्राच्या सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या असलेल्या या देशाला जागेची टंचाई नाही आणि पैशाचीही नाही. मग अडते कोठे? उत्तर राज्यघटनेत आहे. संकटग्रस्त प्रजातींच्या रक्षणासाठी ओटावा येथील संघ सरकारने २००२ मध्ये कायदा केला. परंतु जंगलांची, खाणींची व तेलक्षेत्रांची बहुतांश जमीन प्रांतांच्या ताब्यात आहे. प्राणी वाचविण्याची घोषणा करणारे सरकार एक आणि त्याच प्राण्याच्या अधिवासात वृक्षतोडीचे परवाने देणारे सरकार दुसरे, अशी ही विभागणी. प्रांत ढिम्म राहिल्यास आणीबाणीचा हुकूम काढून हस्तक्षेप करण्याचा अधिकार संघ सरकारला आहे. तो मोजक्याच वेळा वापरला गेला. २०१३ मध्ये सेज ग्राऊस या गवताळ प्रदेशातील पक्ष्यासाठी, २०१६ मध्ये क्युबेकमधील एका गृहप्रकल्पाच्या आड आलेल्या चिमुकल्या बेडकासाठी. बेडकाला लागते जमीन थोडी. कॅरिबूला शेकडो चौरस किलोमीटर लागतात आणि तेथे लाकूड व तेल असते. २०२४ मध्ये क्युबेकमधील तीन कळपांसाठी असा हुकूम काढण्याचा मनोदय संघ सरकारने जाहीर केला, तेव्हा प्रांतिक सरकार आणि लाकूड उद्योग यांनी एकच गहजब केला. त्यांपैकी व्हाल-दोर येथील कळपात तोवर दहाही जनावरे उरली नव्हती.

कॅरिबूच्या ऱ्हासाची साखळी समजून घेण्यासारखी आहे. हिवाळ्यात हा प्राणी प्रामुख्याने शैवाकावर जगतो. आपल्या मसाल्यातले दगडफूल याच कुळातले. शैवाक जुन्या जंगलात वाढते आणि पुरेसे साठायला कित्येक दशके जावी लागतात. जंगल तोडले की मोकळ्या जागेत कोवळी झुडपे फोफावतात. ती खायला मूज आणि हरणे येतात. त्यांच्या मागोमाग लांडग्यांची संख्या वाढते. तेलशोधासाठी जंगलातून पाडलेल्या सरळ पट्ट्या लांडग्यांना आयत्या पाऊलवाटा ठरतात. जुन्या जंगलात विखरून राहणे हाच ज्याचा बचाव, तो कॅरिबू मग सहज सापडतो. त्यात हिवाळे सौम्य होत चालल्याने पूर्वी थंडीमुळे दक्षिणेत थांबणारी हरणेही उत्तरेकडे सरकत आहेत. म्हणजे करवत आणि तापमानवाढ एकाच दिशेने काम करीत आहेत.

कॅरिबूची ५१ क्षेत्रे निश्चित करून संघ सरकारने २०१२ मध्ये पुनरुज्जीवनाचा आराखडा जाहीर केला. प्रत्येक क्षेत्रातील किमान ६५ टक्के अधिवास अबाधित राहावा, असा त्यातील निकष. तो पाळला तरी कळप टिकण्याची शक्यता ६० टक्केच, हे त्याच आराखड्यात नमूद आहे! प्रांतांना आपापल्या योजना तयार करण्यासाठी मुदत देण्यात आली. ती २०१७ मध्ये संपली तेव्हा बहुतेकांचे काम अपुरेच होते. अधिवास राखण्याऐवजी ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१५ पासून हेलिकॉप्टरमधून लांडगे टिपण्याची मोहीम सुरू केली. या मोहिमेने कॅरिबूंचे मरण लांबणीवर पडते, हे आकड्यांनी दाखविले आहे. पण तोडलेले जंगल परत येत नाही, म्हणून दर हिवाळ्यात पुन्हा बंदुका घेऊन निघावे लागते.

राष्ट्रीय उद्यानाचा दर्जाही पुरेसा ठरलेला नाही. कॅनडाचे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान असलेल्या बॅन्फमधील अखेरचे पाच कॅरिबू २००९ मध्ये एका हिमस्खलनाखाली गाडले गेले. शेजारच्या जास्परमधील मलीन कळप २०२० मध्ये संपल्याचे जाहीर झाले. उरलेल्यांसाठी तेथे बंदिस्त प्रजनन केंद्र उभारण्यात आले असून, २०२५ मध्ये पहिली जनावरे तेथे आणण्यात आली. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, जास्पर गावातील सुमारे एक तृतीयांश इमारती वणव्यात खाक झाल्या होत्या.

वणवा हा आता या देशातील वन्यजीव प्रश्नाचाही गाभा झाला आहे. २०२३ च्या हंगामात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळपास निम्मे. येलोनाइफ हे प्रादेशिक राजधानीचे शहर सुमारे २० हजार नागरिकांसह रिकामे करावे लागले आणि न्यूयॉर्कचे आकाश धुराने नारिंगी झाले. उपग्रहांच्या नोंदींवर आधारित अभ्यासानुसार त्या हंगामातील आगींनी सुमारे ६५ कोटी टन कार्बन वातावरणात सोडला. इंधन जाळून वर्षभरात याहून अधिक कार्बन सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि भारत. कॅनडाच्या अधिकृत ताळेबंदात मात्र हे उत्सर्जन ‘नैसर्गिक’ म्हणून बाजूला ठेवले जाते.

ताळेबंदात जे मोजले जाते, त्याचीही कथा उत्साहवर्धक नाही. क्योटो करारातून माघार घेणारा पहिला देश कॅनडाच. हा निर्णय डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाला. पॅरिस करारानंतर २०३० पर्यंत उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४० ते ४५ टक्क्यांनी घटविण्याचे वचन देण्यात आले. २०२३ पर्यंत झालेली घट होती सुमारे साडेआठ टक्के. २०१९ मध्ये देशव्यापी कार्बन कर आला. पण त्याच्या जोडीला सरकारने आदल्याच वर्षी ट्रान्स माउंटन ही तेलवाहिनी साडेचार अब्ज डॉलरना विकत घेतली होती. पुढे विस्ताराचा खर्च सुमारे ३४ अब्जांवर गेला. महागाईने त्रासलेल्या मतदारांच्या रोषापुढे नमते घेत पंतप्रधान मार्क कार्नी यांनी सत्तेवर येताच ग्राहकांवरील कार्बन कर १ एप्रिल २०२५ पासून रद्द केला; उद्योगांवरील आकारणी तेवढी राहिली. हे तेच कार्नी, जे पूर्वी संयुक्त राष्ट्रांचे हवामान वित्तविषयक विशेष दूत होते. अमेरिकेशी व्यापारयुद्ध भडकल्यावर ‘राष्ट्रहिताचे’ प्रकल्प वेगाने मार्गी लावणारा कायदा जून २०२५ मध्ये संमत झाला. नोव्हेंबरमध्ये अल्बर्टा प्रांताशी नव्या तेलवाहिनीबाबत समझोता झाला आणि माजी पर्यावरणमंत्री स्टीव्हन गिल्बो यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला.

याच धोरणाचे दुसरे टोक हडसन उपसागराच्या काठी, चर्चिल गावी दिसते. जगातील ध्रुवीय अस्वलांपैकी सुमारे दोनतृतीयांश कॅनडात आहेत, आणि चर्चिलची अस्वले त्यांतील सर्वाधिक अभ्यासलेली. समुद्रावर बर्फ असेल तरच त्यांना सीलची शिकार साधते. तो बर्फ आता लवकर वितळतो व उशिरा गोठतो. परिणामी पश्चिम हडसन उपसागरातील अस्वलांची संख्या २०१६ मधील ८४२ वरून २०२१ मध्ये ६१८ वर घसरल्याचा अंदाज आहे. बर्फ ओसरल्याने जहाजांना मात्र अधिक काळ वाट मोकळी मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने विचाराधीन प्रकल्पांची नावे जाहीर केली, त्यांत चर्चिल बंदराचा विस्तारही होता.

तरीही सारेच हातचे गेलेले नाही. १९४१ मध्ये वीसएक उरलेले व्हूपिंग क्रेन हे क्रौंच वुड बफेलो उद्यानातील घरट्यांचे संरक्षण आणि टेक्सासमधील हिवाळी मुक्कामाची राखण यांमुळे आज पाचशेहून अधिक झाले आहेत. कॅरिबूंच्या बाबतीतही एक उदाहरण आहे आणि ते ओटावातून आलेले नाही. ब्रिटिश कोलंबियातील वेस्ट मोबर्ली आणि सोल्टो या मूलनिवासी समूहांनी क्लिन्से-झा कळपासाठी डोंगरात कुंपण घातले. गाभण माद्यांना पकडून तेथे आणायचे, हाताने गोळा केलेले शैवाक खाऊ घालायचे, रखवालदार रात्रंदिवस ठेवायचे आणि पाडसे पळण्याजोगी झाली की सोडून द्यायचे, असा हा क्रम. २०१३ मध्ये ३८ असलेला कळप २०२१ मध्ये १०१ वर गेला. १८९९ च्या आठव्या कराराने या समूहांना शिकारीचा हक्क दिला होता. कळप खालावल्यावर त्यांनी स्वतःहून अनेक दशके कॅरिबूची शिकार थांबविली. ज्यांनी जंगल तोडले नाही, त्यांनीच त्याग करावा, यातील विसंगती उघड आहे.

कुंपण आणि लांडग्यांची शिकार यांवर कळप कायमचा पोसता येणार नाही, हे या समूहांनाही ठाऊक आहे. म्हणूनच संघ व प्रांतिक सरकारांशी त्यांनी २०२० मध्ये करार करून मोठ्या क्षेत्रातील वृक्षतोड व खाणकाम रोखून घेतले. प्रांताने २०२४ मध्ये लगतच्या उद्यानाचा विस्तारही केला. त्या करारावेळी आसपासच्या लाकूडगिरण्यांच्या गावांत रोजगार जाण्याच्या भीतीने तीव्र विरोध झाला होता, आणि मूलनिवासींना वंशद्वेषी टोमणेही ऐकावे लागले होते. तेथे सध्या राखल्या जाणाऱ्या उतारांवर शैवाक पुरेसे वाढायला आणखी काही दशके लागतील.